खूण, खाच आणि बोल्ट : चारकोपच्या गल्लीतील एक दुरुस्ती

मोटारीच्या बहुतेक महत्त्वाच्या यंत्रणांना काही ना काही दुसरा आधार दिलेला असतो. ब्रेकच्या तेलाचे मार्ग दोन असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा गाडीला थोड्या अधिक अंतरात का होईना थांबवतो, आणि दोन्ही निकामी झाले तरी हँडब्रेक उरतो. इंजिन बंद पडले तर गाडी कडेला लोटता येते, दिवे गेले तर वेग कमी करून पुढे सरकता येते. चालकाच्या हातातील चक्र आणि पुढची चाके यांना जोडणाऱ्या स्टेअरिंग शाफ्टला मात्र नेहमीच्या मोटारीत असा दुसरा आधार नाही. पोलादाचा एक आखूड दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा आणि प्रत्येक सांधा आवळून धरणारा, बोटाहून बारीक असा एकेक बोल्ट, एवढ्यावर गाडीची दिशा अवलंबून असते.

हा भाग काढणे आणि परत बसवणे हे मेहनतीच्या दृष्टीने लहान काम आहे. त्याला लिफ्ट लागत नाही, इंजिन उतरवावे लागत नाही, आणि हाताला पान्याची सवय असलेला माणूस ते एका सकाळी आटोपतो. म्हणूनच ते घराच्या दाराशी केले जाते. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील चारकोपसारख्या वस्तीत ही घरची दुरुस्ती पाहिली, तर एक गोष्ट स्पष्ट होते : बोल्ट आवळणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग असून, खरी दुरुस्ती तो सोडण्याआधी केलेल्या खुणेत आणि तो आवळल्यानंतर केलेल्या पडताळणीत असते.

भूखंड, अंगण आणि गाडी

कांदिवली पश्चिमेचे चारकोप मुळातच अर्धे काम शासनाने आणि उरलेले घरातल्यांनी करायचे या तत्त्वावर उभे राहिले. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे ‘भूखंड आणि सेवा’ ही योजना राबवली. तिच्यात कुटुंबाला तयार घर न देता आखलेला भूखंड, रस्ता, पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि वीज पुरवली जाई, व त्या चौकटीत घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे असे. अल्प उत्पन्न गटांसाठीचे बहुतेक भूखंड २५ ते ४० चौरस मीटरांच्या घरातले होते आणि ते समाईक अंगणांभोवती गटागटाने मांडून प्रत्येक गटाची सहकारी गृहनिर्माण संस्था करण्यात आली. आज सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या गल्ल्यांतील अनेक घरे दोन-तीन मजली झाली आहेत, आणि ज्या आखणीत घरागणिक मोटारीची जागा धरलेली नव्हती तिच्याच रस्त्यांच्या कडेला आता लहान मोटारी, प्रवासी टॅक्सी आणि मालवाहू टेम्पो ओळीने उभे असतात.

या उभ्या गाड्यांची लहानमोठी दुरुस्तीही तेथेच होते. चारकोपची औद्योगिक वसाहत जवळ आहे, रेल्वेच्या पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर महिंद्रचा कारखाना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. यंत्रकामाची ओळख असलेल्या हातांची या परिसरात वाण नाही. त्यांच्या जोडीला गॅरेजची जागा न परवडल्यामुळे पिशवीत पाने घेऊन घरोघरी जाणारे मिस्त्री असतात. कामाचा जोर वाढतो तो गणेशोत्सवाच्या आधी, कारण कोकणात गाव असलेली कुटुंबे गाडी घेऊन निघण्यापूर्वी तिची डागडुजी करून घेतात, आणि परशुराम किंवा भोस्ते घाटाच्या वळणांवर जाणाऱ्या गाडीच्या स्टेअरिंगमधून शहरात दुर्लक्षित राहिलेली खटखट अचानक महत्त्वाची वाटू लागते.

ही खटखट येथे लवकर सुरू होण्यास हवामानही कारण ठरते. पश्चिमेला मनोरीची खाडी आणि तिवरांचा पट्टा असल्यामुळे हवा खारी असते, पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या तळाशी ओल दीर्घकाळ राहते. शाफ्टचा खालचा सांधा पायाजवळच्या पत्र्यातून इंजिनाच्या बाजूला उतरतो. तेथील रबरी बूट फाटला की ओल आणि धूळ त्या सांध्यापर्यंत पोहोचते, आतील सुईएवढ्या बारीक बेअरिंगांचे ग्रीस धुऊन जाते आणि गंज चढू लागतो.

चक्रापासून चाकापर्यंत

चक्र फिरवले की चाके कशी वळतात, हे समजून घेतल्याशिवाय या दुरुस्तीतील सावधगिरीचा अर्थ लागत नाही. चक्राखाली स्टेअरिंग कॉलम असतो, म्हणजे डॅशबोर्डखाली पक्की केलेली नळी व तिच्यातून जाणारा वरचा दांडा. त्याच्या खालच्या टोकाला मधला शाफ्ट जोडलेला असतो, आणि या मधल्या शाफ्टचे दुसरे टोक स्टेअरिंग पेटीतून वर आलेल्या पिनियनच्या दांड्यावर बसते. पिनियन हे लहान दातेरी चाक असून ते फिरले की रॅक नावाची दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते, आणि तिच्या टोकांचे टाय रॉड पुढची चाके वळवतात. १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने ही रॅक-पिनियनची रचना भारतातील सामान्य घरापर्यंत नेली. त्याआधीच्या पिढीतील प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबईत धावत होती. तिच्यात मळसूत्री दात्यांची पेटी असे, आणि तिच्यावर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींना नव्या रचनेतील बारकावे वेगळे शिकावे लागले.

मधल्या शाफ्टची दोन्ही टोके सरळ रेषेत नसतात, कारण चक्र चालकासमोर असते तर पेटी इंजिनाखाली, एका बाजूला. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो, ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात : अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा, आणि त्याच्या चार बाह्यांवर एकमेकांना काटकोनात बसवलेले दोन योक. बाहेरच्या योकचे टोक पोकळ बाहीसारखे असते, तिच्या आतल्या अंगाला बारीक उभे दाते कोरलेले असतात आणि एका बाजूला फट ठेवलेली असते. हे दाते पिनियनच्या दांड्यावरील दात्यांत गुंततात, आणि फटीच्या आडवा जाणारा बोल्ट आवळला की बाही दांड्याला करकचून धरते.

अलीकडच्या लहान गाड्यांत विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगची मोटर बहुधा कॉलमवरच बसवलेली असते, त्यामुळे चालकाच्या हाताच्या जोरात मोटरच्या जोराची भर पडून तो सगळा भार याच मधल्या शाफ्टमधून खाली उतरतो. चक्र हलके झाले म्हणून सांध्यावरचा ताण कमी झाला, असा गाडीमालकाचा समज होण्याची शक्यता असते. या रचनेत प्रत्यक्षात उलटे घडते, आणि उभ्या गाडीत चक्र पूर्ण वळवण्याच्या सवयीने, जी चारकोपच्या अरुंद गल्लीत गाडी लावताना टाळता येत नाही, क्रॉस अधिक लवकर झिजतो.

दोन क्रॉसांचे गणित

शाफ्टला दोन क्रॉस असण्यामागे जागेच्या अडचणीबरोबर भूमितीही आहे. रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि इटालियन विद्वान कार्दानो याचे नावही ज्याला लावले जाते, त्या या सांध्याचा एक जन्मजात दोष असा की वाकलेल्या अवस्थेत तो गती सारख्या प्रमाणात पुढे देत नाही. वरचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला तरी खालचा दांडा एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. वाक ३० अंशांचा असेल तर त्याचा वेग कमाल क्षणी मूळ वेगाच्या सुमारे १५ टक्के अधिक आणि किमान क्षणी सुमारे १३ टक्के कमी असतो. दुसरा क्रॉस योग्य स्थितीत बसवला की तो याच्या नेमका उलट चढउतार करतो आणि दोघांची बेरीज जवळजवळ सपाट होते.

त्यासाठी दोन्ही सांध्यांचे योक एकमेकांच्या संदर्भात ठरलेल्या कोनात असावे लागतात. मधला शाफ्ट अनेक गाड्यांत दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा असतो. ते तुकडे पूर्ण वेगळे झाले आणि परत घालताना काही दाते चुकले, तर चक्र फिरवताना ते आळीपाळीने जड आणि हलके लागते. अशा गाडीत पॉवर स्टेअरिंगची मोटर किंवा पेटी बिघडल्याचा संशय घेतला जातो आणि महागडे भाग बदलले जातात, पण दोष नव्या भागांत सापडत नाही, कारण तो भागांत नसून त्यांच्या परस्पर स्थितीत असतो.

सोडण्यापूर्वीची खूण

म्हणून जाणता कारागीर पाना हातात घेण्यापूर्वी पुढची चाके अगदी सरळ करतो, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावतो आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून काही मिनिटे थांबतो. १ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या मोटारींना चालकासमोरची एअरबॅग बंधनकारक झाली, आणि तिची उघडण्याची यंत्रणा चक्राच्या पोटातच असते; तार सोडल्यावरही त्या मंडलात थोडा वेळ वीज साठलेली राहते, म्हणून हे थांबणे आवश्यक ठरते.

त्यानंतर चक्र जागच्या जागी बांधून टाकणे हे घरच्या दुरुस्तीत सर्वाधिक विसरले जाणारे आणि सर्वांत महागात पडणारे पाऊल आहे. एअरबॅग व हॉर्न यांची वीज फिरत्या चक्रापर्यंत नेण्यासाठी त्याच्यामागे क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे गुंडाळलेली एक चपटी तारपट्टी, जी दोन्ही बाजूंना ठरावीक फेऱ्यांपुरतीच उलगडते. शाफ्ट जोडलेला असताना रॅकच्या मर्यादेमुळे चक्र त्याहून अधिक फिरूच शकत नाही. पण शाफ्ट सुटताच ही मर्यादा नाहीशी होते, आणि कोणाचा धक्का लागून किंवा मुलांनी खेळताना चक्र चार-पाच फेऱ्या फिरले, तर पट्टी तुटते अथवा मधली स्थिती सोडून बसते व पुढे पहिल्याच पूर्ण वळणावर तुटते. सीटबेल्ट चक्रातून ओवून बक्कल लावले किंवा किल्ली काढून स्टेअरिंगचे कुलूप बसू दिले, तरी हा धोका टळतो.

खूण करण्याची रीत साधी आहे. दोन्ही सांध्यांवर, योक आणि त्यात शिरलेला दांडा यांना जोडणारी एक रेघ रंगाने ओढली जाते, आणि सरकत्या शाफ्टवरही तशीच रेघ दोन्ही तुकड्यांवरून जाते. काही कंपन्या एक दाता मुद्दाम रुंद ठेवून चुकीच्या जागी जोडणी होऊच नये अशी सोय करतात, पण सर्व गाड्यांत ती नसते. दांड्यावर समजा ३६ दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे चक्रावर १० अंशांचा तिरकेपणा होय. असे तिरके चक्र सरळ करण्यासाठी पुष्कळदा टाय रॉडची लांबी बदलली जाते. त्याने चक्र सरळ दिसू लागते, परंतु रॅक मधोमध राहत नाही, आणि डावे व उजवे वळण असमान होते. शाफ्टवरची चूक शाफ्टवरच सुधारावी लागते.

खाच आणि बोल्ट

पिनियनच्या दांड्यावर, दात्यांच्या मधोमध, एक आडवी खाच असते. योक पूर्ण खोलीपर्यंत बसला की बोल्टचे भोक आणि ही खाच समोरासमोर येतात आणि बोल्ट खाचेतून आडवा जातो. त्यामुळे पुढे बोल्ट थोडा सैल झाला तरी योक दांड्यावरून वर सरकून निसटू शकत नाही. याच रचनेमुळे शाफ्ट काढताना बोल्ट सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, आणि बसवताना बोल्ट सहज शिरत नसेल तर योक पुरेसा खाली गेलेला नाही असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी बोल्ट जोराने पिळला, तर आटे खराब होतात आणि काम झाल्याचा केवळ भास निर्माण होतो; त्याहून धोक्याचे म्हणजे काही गाड्यांत योक अर्धवट बसूनही बोल्ट खाचेच्या वरून निघून जातो आणि जोडणी काही दिवस व्यवस्थित चालते. म्हणून आवळण्यापूर्वी टॉर्चच्या उजेडात दांड्याचे टोक योकमध्ये कुठवर आले आहे ते पाहणे, आणि योक वर ओढून तो हलत नाही याची खात्री करणे, हे वगळता येत नाही.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पोलादाची ताणशक्ती शेकड्यांत सांगतो, म्हणजे ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दशांशचिन्हानंतरचा आकडा त्या शक्तीच्या किती दशांशांपर्यंत ताण घेऊन बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येतो ते सांगतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअर दुकानातील त्याच मापाचा, पण आकडा नसलेला बोल्ट दिसायला सारखा असला तरी येथे चालत नाही. कित्येक उत्पादक काढलेला बोल्ट पुन्हा न वापरता नवा घालण्यास सांगतात, कारण त्याच्या आट्यांवर सैल होण्यास अटकाव करणारा लेप असतो आणि तो एकदाच उपयोगी पडतो.

आवळण्याचा जोर अनेक लहान गाड्यांत २० ते ३० न्यूटन-मीटरांच्या दरम्यान असतो आणि नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला असतो. हा जोर फार मोठा नाही. लांब दांड्याच्या पान्याने सवयीने घट्ट करणारा हात तो सहज ओलांडतो, आणि गरजेपेक्षा अधिक ताणलेला बोल्ट सैल बोल्टाइतकाच अविश्वसनीय होतो. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर गाठताच खट आवाज करणारा पाना, चारकोपच्या घरोघर फिरणाऱ्या पिशव्यांत अजून दुर्मीळ आहे. एका संस्थेतील गाडीवाल्यांनी वर्गणी काढून एक टॉर्क पाना समाईक ठेवला, तर तो खर्च त्या गल्लीतील सर्वांत उपयुक्त खर्चांपैकी एक ठरेल.

हातोडीला मज्जाव

गंजलेला योक निघत नसेल तर हातोडी हाती येणे स्वाभाविक आहे, पण स्टेअरिंग शाफ्टच्या बाबतीत ती रचनेच्याच विरुद्ध जाते. जुन्या गाड्यांतील एकसंध, ताठ दांडा समोरासमोरच्या धडकेत मागे येऊन चालकाच्या छातीत घुसत असे. त्यावर उपाय म्हणून दबणारा कॉलम आला, आणि अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना लागू झालेल्या मानकाने ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेत कॉलम मागे सरकण्यावर १२७ मिलिमीटरांची मर्यादा घातली. आजचा शाफ्ट आणि कॉलम धडकेच्या वेळी ठरलेल्या जोराखाली आत सरकावेत असे घडवलेले असतात, आणि अनेक रचनांत त्यांना नेहमीच्या वेळी रोखून धरणाऱ्या पिना प्लॅस्टिकच्या असतात. दांड्याच्या टोकावर उभे घाव घातले की त्या पिना तुटू शकतात, पॉवर स्टेअरिंगचा जोर मोजणारा संवेदक बिघडू शकतो, आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही. गंज सोडवणारे तेल मारून थांबणे आणि बोल्ट काढल्यावर योकची फट चपट्या पेचकसाने अगदी किंचित रुंदावणे, हा मार्ग सावकाश असला तरी योग्य आहे.

सुट्या भागांच्या बाजाराकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. ऑपेरा हाऊस परिसरातील दुकानांत नवे भाग मिळतात, तर कुर्ल्याच्या बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग निम्म्याहून कमी दरात पदरात पडू शकतात. दरवाजा, आरसा किंवा सीट अशी घेणे शहाणपणाचे असले, तरी शाफ्टचा पूर्वेतिहास कळण्याचा मार्ग नसतो, आणि ज्या धडकेमुळे गाडी मोडीत गेली तिनेच तो शाफ्ट एकदा दबलेला असू शकतो. जुन्या गाड्यांत क्रॉस वेगळा काढून बदलता येई. नव्या बहुतेक गाड्यांत तो कडा ठोकून कायमचा बसवलेला असतो, म्हणून झिजल्यास पूर्ण शाफ्ट बदलणे अपेक्षित आहे. सैल क्रॉसला वेल्डिंगचा टाका देऊन आवाज बंद करण्याची पद्धत टाळलीच पाहिजे, कारण उष्णतेने ग्रीस जळते, पोलादाचा कणखरपणा बदलतो आणि वळणारा सांधा ताठ होतो.

दुसऱ्या डोळ्यांची पडताळणी

जोडणी झाल्यावर गाडी उभी असताना चक्र दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहिले जाते, त्या वेळी दुसरा माणूस खाली वाकून दोन्ही सांधे न्याहाळतो. मग गल्लीतच पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन वळणानंतर चक्र स्वतःहून सरळ येते का ते तपासले जाते. बोल्टचे डोके आणि योक यांवरून ओढलेली रंगाची बारीक रेघ पुढच्या आठवड्यात तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे, हे पाना न लावताही कळते. ज्या गाड्यांत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, त्यांच्या चक्राचा कोन मोजणारा संवेदक नव्याने शून्यावर आणावा लागू शकतो, आणि ते काम स्कॅनर असलेल्या ठिकाणीच होते.

कायद्याची अपेक्षाही याहून वेगळी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टेअरिंग सुस्थितीत असावे, चक्रावरचा मोकळा हेलकावा ३० अंशांपेक्षा अधिक नसावा, जोडसाखळीचे बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी झाकलेले असावेत आणि जोडणी बोल्ट किंवा पिनांनी केलेली असेल तेथे ते न सुटतील असे पक्के असावेत. ३० अंश ही बाहेरची सीमा आहे. निरोगी रॅक-पिनियन गाडीत हेलकावा त्याच्या अल्पांशाएवढा असतो, त्यामुळे नियमात बसते म्हणून समाधान मानणे योग्य नव्हे. एमएच ४७ क्रमांकमालिकेचे बोरिवलीचे परिवहन कार्यालय चारकोपातच आहे. १५ वर्षे झालेल्या खासगी गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीस जावे लागते तेव्हा स्टेअरिंगही पाहिले जाते, परंतु पहिल्या १५ वर्षांत खासगी गाडीच्या बाबतीत ही जबाबदारी प्रत्यक्षात मालकावरच असते.

ही जबाबदारी केवळ कंपनीच्या अधिकृत केंद्रात गेल्याने पार पडते असे नाही, आणि दाराशी काम केल्याने ती मोडते असेही नाही. घरच्या दुरुस्तीत काम डोळ्यांसमोर होते, काढलेला भाग हातात घेऊन पाहता येतो, घाई नसते आणि गाडी जिच्या प्रवासासाठी आहे ती माणसे शेजारीच उभी असतात. या तिच्या मोठ्या शक्ती आहेत. तिच्यात उणीव असते ती लेखी आकड्याची आणि दुसऱ्या तपासणाऱ्याची. गाडीच्या पुस्तिकेतील जोराचा आकडा, नवा बोल्ट, टॉर्क पाना आणि ज्याने काम केले नाही अशा एका माणसाने केलेली तपासणी, एवढे चार घटक मिळाले तर चारकोपच्या गल्लीतील जोडणी कोणत्याही सुसज्ज केंद्रातील जोडणीच्या तोडीची होऊ शकते. ते मिळत नसतील, तर गाडी टो करून नेण्याचा खर्च करणे हाच कारागिरीचा निर्णय आहे. दुसरा आधार नसलेल्या भागाला आधार देण्याचे काम शेवटी माणसाच्या पद्धतशीरपणालाच करावे लागते, आणि ज्या वस्तीने आपली घरे स्वतः उभी केली तिला हा पद्धतशीरपणा परका नाही.